एकावर एक नळ्या असलेली बारा बोर घ्यायचीय? किंमत विचारायच्या आधी हे वाचा

दसऱ्याच्या दिवशी लातूर-नांदेडकडच्या कुणाचंही स्टेटस उघडून बघा. पाटावर लाल कापड, त्यावर तलवार, शेजारी विळा-कोयता, कुठे ट्रॅक्टरची किल्ली. आणि एखाद्या जुन्या वाड्यातला फोटो असेल तर झेंडूच्या माळेखाली ठेवलेली बंदूक. त्या फोटोखाली हमखास एक कमेंट असते, "भावा, कितीला बसली?"

गेल्या काही वर्षांत या फोटोंमध्ये एक नवी बंदूक दिसायला लागलीय. गावाकडच्या जुन्या दुनळीच्या नळ्या शेजारी-शेजारी असतात. हिच्या नळ्या एकावर एक असतात. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, बाजूला कोरीव काम, आणि रीलमध्ये ती हातात घेतलेला नेमबाज हवेत उडालेल्या केशरी तबकडीचा भुगा करतो. नेमबाज आणि दुकानदार या बंदुकीला 'ओव्हर अँड अंडर' म्हणतात.

रील बघून अनेकांना ती घ्यावीशी वाटते. कुणाला खेळासाठी, कुणाला शेताच्या राखणीसाठी, तर कुणाला नुसतीच हौस म्हणून. पण लाखांत किंमत असलेली ही वस्तू घेताना बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी ब्रँड, मग किंमत आणि शेवटी परवाना. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. तो चुकला तर पैसे तर अडकतातच, पण थेट गुन्हाही दाखल होऊ शकतो.

म्हणून एकेक गोष्ट ओळीने बघू.

या बंदुकीत असं वेगळं काय असतं?

आधी 'बारा बोर' म्हणजे काय ते बघू. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोरची नळी. तिचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर असतो. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो आणि तिच्यातून एकच गोळी जाते. बारा बोरची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्या काडतुसात बारीक छर्रे भरलेले असतात. नळीतून निघाल्यावर हे छर्रे पसरत जातात, म्हणून उडत्या वस्तूवर नेम धरायला ही बंदूक वापरतात.

दोन नळ्या असतील तर त्या शेजारी ठेवायच्या की एकावर एक, हा जुना प्रश्न आहे. एकावर एक नळ्यांची रचना खऱ्या अर्थाने लोकप्रिय केली ती अमेरिकन बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या 'सुपरपोज्ड' या बंदुकीने. 1926 मध्ये बेल्जियममधल्या कारखान्यात काम करतानाच ब्राउनिंग यांचं निधन झालं. त्यांचा मुलगा वाल याने काम पुढे नेलं आणि 1931 च्या सुमारास ती बाजारात आली.

हिचे फायदे तीन. पहिला, नेम धरताना डोळ्यासमोर एकच अरुंद पट्टी दिसते, त्यामुळे तबकडी झाकली जात नाही. दुसरा, पहिला बार सहसा खालच्या नळीतून काढतात. ती नळी खांद्याच्या रेषेच्या जवळ असल्याने धक्का सरळ मागे येतो, बंदुकीचं तोंड कमी उसळतं आणि दुसरा बार लवकर काढता येतो. तिसरा, दोन नळ्यांना दोन वेगवेगळे चोक ठेवता येतात.

चोक म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळलेलं असणं. पाण्याच्या पाईपच्या तोंडावर बोट दाबलं की धार लांब जाते, साधारण तसंच. तोंड जास्त आवळलं की छर्रे लांबपर्यंत एकत्र राहतात, मोकळं ठेवलं की लवकर पसरतात.

ऑलिम्पिकमधल्या ट्रॅप प्रकारात तबकडी नेमबाजापासून लांब पळत जाते आणि पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार काढता येतात. दोन नळ्यांची गरज आहे ती इथे. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा एकाच वेळी सुटणाऱ्या दोन तबकड्या त्यांना लागोपाठ फोडायच्या होत्या. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अनंतजीतसिंह नरुका आणि महेश्वरी चौहान या जोडीचं स्कीटमधलं कांस्यपदक अवघ्या एका तबकडीने हुकलं. चीनच्या 44, भारताच्या 43. इतक्या बारीक फरकाच्या या खेळात बंदूक अंगाला नीट बसलीय की नाही, याला खूप महत्त्व येतं.

शेतात रानडुकरं येतात, म्हणून घ्यावी का?

मराठवाड्यात हा प्रश्न खरा आहे. किनवट-माहूरच्या जंगलालगत असो की लातूरच्या माळरानावर, रानडुकरं आणि रोही एका रात्रीत सोयाबीन, तूर, हरभरा आडवा करून जातात. रात्र-रात्र जागलीला बसणाऱ्या शेतकऱ्याला बंदूक हवीशी वाटली तर नवल नाही.

पण या कामाला ही बंदूक चुकीची आहे. कारणं दोन.

पहिलं कारण कायद्याचं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये तशी पद्धत ठरवून दिली. काळवीट मात्र कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे. घरात परवान्याची बंदूक आहे म्हणून रात्री बार काढला आणि समोर काळवीट निघालं, तर पीक वाचवायला गेलेला शेतकरी तुरुंगात जाऊ शकतो.

गंमत म्हणजे 1959 च्या शस्त्र कायद्यातच पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या नजरेत जागलीची बंदूक साधी आणि स्वस्त आहे.

दुसरं कारण व्यवहाराचं. स्पर्धेची ओव्हर अँड अंडर साडेतीन किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असते. तिच्या नळ्या लांब आणि दस्ता चकचकीत. धूळ, दव आणि चिखल यांच्यासाठी ती बनवलेलीच नाही. बारीक छर्र्यांचा नेमका मारा साधारण 35-40 मीटरपर्यंतच असतो. मात्र तोच छर्रा भरकटत दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि शेजारच्या वावरात दुसरा माणूस जागलीला बसलेला असतो.

थोडक्यात, शेतीसाठी ही बंदूक नको. घ्यायचीच असेल तर ती खेळासाठी.

परवाना कसा मिळतो?

लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज ऑनलाईन भरता येतो. त्यानंतर पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल जातो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, शेजारी-भाऊबंदांशी वाद आहे का, शस्त्राची गरज खरी आहे का, हे सगळं त्यात तपासलं जातं. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

काही ठळक नियम लक्षात ठेवा.

- वय 21 वर्षं पूर्ण हवं. त्याखालच्या खेळाडूंना देखरेखीखाली सराव करण्यासाठी नियमांत वेगळी सोय आहे.
- 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेली बंदूकही यात मोजली जाते.
- परवान्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षांची आहे.
- गुळगुळीत नळीची बंदूक असेल तर नळी किमान 20 इंच हवी. स्पर्धेच्या बंदुकीच्या नळ्या 28 ते 32 इंची असतात, त्यामुळे ही अडचण येत नाही. पण 'हाताळायला सोपी जाईल' म्हणून नळी कापून आखूड करणं हा गुन्हा आहे.
- परवान्यावर तो कुठे चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं. नांदेडहून सरावासाठी हैदराबादला जायचं म्हणजे राज्याची हद्द ओलांडायची. त्यामुळे अर्ज करतानाच या गोष्टीचा विचार करा.

गावाकडे एक समज पक्का आहे, 'मोठा सात-बारा असल्याशिवाय परवाना मिळत नाही.' तसं नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं कायद्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट लिहिलंय. परवाना नाकारला तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपील करता येतं.

पण 'ओळखीने काढून घेऊ' हे दिवस आता मराठवाड्यात तरी अवघड झालेत. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर शेजारच्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं आणि राज्यभर चर्चा झाली. 2025 मध्ये त्यातले शंभराहून अधिक परवाने प्रशासनाने रद्द केले. त्यामुळे अर्जात 'स्वसंरक्षण' असा एक शब्द लिहून भागेल या भ्रमात राहू नका. खेळासाठी अर्ज असेल तर क्लबचं सदस्यत्व, सरावाची नोंद आणि स्पर्धेतला सहभाग ही कागदपत्रं बोलतात.

आणि विनापरवाना? शस्त्र कायद्याच्या कलम 25 नुसार विनापरवाना बंदूक जवळ बाळगली तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. 'कागद मागून करू, आधी घेऊन ठेव' असं कुणी म्हणत असेल तर तो तुमचा मित्र नाही.

इटालियन बंदूक सरळ विकत घेता येते का?

नाही. रील बघणाऱ्यांचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग होतो तो इथे.

ओव्हर अँड अंडरमधली मोठी नावं बहुतेक परदेशी आहेत. 1526 पासूनचा इतिहास सांगणारी इटलीची बेरेटा. 1957 मध्ये डॅनिएल पेराझी यांनी सुरू केलेली पेराझी, जिचं 'एमएक्स 8' हे मॉडेल 1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी तयार झालं होतं. जर्मनीच्या उल्म शहरातली क्रीगहॉफ. बेल्जियम आणि जपानशी नातं असलेली ब्राउनिंग.

पण 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य भारतीय नागरिकाला परदेशातून बंदूक मागवता येत नाही. आयातीची वाट खेळाडूंसाठी आहे, आणि तीही सगळ्यांसाठी नाही. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये ठरलेले गुण मिळवून नियमांप्रमाणे दर्जा मिळवलेला नेमबाज राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत आयातीसाठी अर्ज करू शकतो. अशी आयात केलेली बंदूक पुढे कुणाला आणि कधी विकायची, यावरही अटी असतात.

मग बाकीच्यांसाठी काय उरतं? तीन वाटा.

पहिली वाट भारतीय बनावटीची. सरकारी आयुध कारखान्यांच्या एकनळी आणि शेजारी-नळ्यांच्या दुनळी बंदुका अनेक वर्षं मिळत आल्यात. खासगी उत्पादकही आता या क्षेत्रात आहेत. मात्र त्यांची ओव्हर अँड अंडर घ्यायची असेल तर फक्त जाहिरात बघून नाही, तर तीच बंदूक काही शे बार काढलेल्या माणसाशी बोलून घ्या.

दुसरी वाट वापरलेल्या बंदुकीची. देशात कायदेशीरपणे आलेल्या जुन्या परदेशी बंदुका परवानाधारक दुकानदारांकडे किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडे मिळतात. पुरवठा कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे परदेशात मध्यम समजली जाणारी बंदूकही इथे चढ्या भावाने विकली जाते. म्हणजे किंमत जास्त आहे यावरून बंदूक चांगली आहे असं इथे समजायचंच नाही.

खासगी व्यवहाराचा एक नियम अनेकांना माहीत नसतो. परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावं लागतं. त्याआधी बंदूक हातात देणारा आणि घेणारा, दोघेही अडचणीत येतात.

तिसरी वाट क्लबच्या बंदुकीची. सुरुवात करणाऱ्यांसाठी खरं तर हीच पहिली वाट. तिच्याबद्दल पुढे येतंच.

'चांगली' बंदूक म्हणजे अंगाला बसणारी बंदूक

रायफलचा नेम धरताना माणूस पुढचा आणि मागचा मोहरा जुळवतो. ओव्हर अँड अंडरवर तसा मागचा मोहरा नसतो. मागचा मोहरा म्हणजे तुमचा डोळाच. गाल दस्त्यावर टेकला की डोळा ज्या जागी येतो, तिकडे बंदूक बघते. दस्ता अर्धा इंच लांब किंवा गालाची जागा थोडी खाली असेल, तर जगातली सर्वांत महागडी बंदूकही तबकडीच्या खालून किंवा बाजूने जाईल.

म्हणून बंदूक खांद्याला लावताना चार गोष्टी बघा.

एक, दस्त्याची लांबी. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर तुमच्या हाताला आणि मानेला साजेसं हवं. लांब असेल तर दस्ता काखेत अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर आदळतो. युरोपियन मापाचा दस्ता आपल्याकडच्या बुटक्या किंवा सडपातळ माणसाला अनेकदा लांब पडतो. चांगला कारागीर तो कमी करून देऊ शकतो.

दोन, गाल टेकायची उंची. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ दिसली पाहिजे. फक्त बंदुकीची पाठ दिसत असेल तर गाल खाली जातोय. पट्टी चढावासारखी खूप दिसत असेल तर गाल वर राहतोय. ट्रॅपच्या बंदुका मुद्दाम थोडा वर मारा करणाऱ्या असतात, कारण तबकडी वर चढत असते.

तीन, कुठला डोळा 'मालक' आहे ते. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडे अंगठा धरा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने अंगठा खांबावरच राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा डोळा मुख्य असेल तर आधी प्रशिक्षकाशी बोला, बंदूक नंतर.

चार, खेळ कुठला ते. ट्रॅपसाठी साधारण 30 ते 32 इंची नळ्या आणि जास्त आवळलेले चोक. स्कीटमध्ये तबकडी जवळून आडवी जाते, म्हणून 28 ते 30 इंची नळ्या आणि मोकळे चोक. अजून ठरलं नसेल तर 30 इंची नळ्या आणि बदलता येणारे चोक हा मधला, शहाणपणाचा पर्याय.

वजनाला घाबरू नका. जड बंदूक धक्का गिळते. हलकी बंदूक दुकानात छान वाटते, पण पन्नासाव्या बारानंतर खांदा तिचा हिशोब मागतो.

वापरलेली बंदूक तपासायची कशी?

माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस आधी दात बघतो, खुर बघतो, चालवून बघतो आणि मगच किमतीवर येतो. कंधारी किंवा देवणी बैल घेणाराही तेच करतो. बंदुकीचंही तसंच.

सगळ्यात आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची स्वतः खात्री करा. 'मी बघितलंय' या शब्दावर विश्वास ठेवू नका. मग पुढच्या गोष्टी बघा.

- कागद आणि क्रमांक. परवान्यावरचा, बिलावरचा आणि बंदुकीवर कोरलेला क्रमांक एकच हवा. क्रमांक खरवडलेला दिसला तर हात न लावता बाहेर पडा.
- चाचणीची मोहोर. नळी ठरावीक दाब सहन करते याची तपासणी झाल्याची खूण नळ्यांवर असते. काडतुसासाठीच्या जागेची लांबीही तिथेच कळते. जुन्या इंग्रजी बंदुका 65 मिलिमीटरच्या असू शकतात, आजची काडतुसं सहसा 70 मिलिमीटरची येतात. लांब काडतूस आखूड जागेत बसलेलं दिसलं तरी बार काढताना दाब धोकादायक वाढतो.
- जोड. पुढचा लाकडी भाग काढून ठेवा, बंदूक बंद करा आणि हलक्या हाताने हलवा. नळ्या खुळखुळल्या तर जोड झिजलाय.
- वरची कळ. बंद बंदुकीत ही कळ मधोमध किंवा किंचित उजवीकडे असावी. मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर बंदूक भरपूर वापरलेली आहे.
- नळ्या आतून. उजेडाकडे धरून बघा. आतल्या सावलीच्या गोल रेषा तुटक दिसल्या तर तिथे चेप आहे. काळे खड्डे दिसले तर गंज आहे.
- आवाज. सुट्या नळ्या दोरीला टांगून बोटाच्या पेराने टकटक करा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर मधल्या पट्टीचा डाग पक्का आहे. बद्द आवाज आला तर तो कुठेतरी सुटलाय.
- दस्ता. मुठीच्या मागे, जिथे लाकूड लोखंडाला भिडतं तिथे केसासारखी चीर शोधा. पॉलिश नवं आणि लाकूड जुनं असेल तर जास्त लक्ष द्या.
- चाप. सरावाची खोटी काडतुसं घालून दोन्ही नळ्या चालवून बघा. काही बंदुकांत पहिल्या बाराच्या धक्क्यानेच दुसरा चाप तयार होतो. तशी असेल तर रेंजवर खरे बार काढल्याशिवाय 'चालते' म्हणू नका.

वाड्यात आजोबांची बंदूक पडून असेल तर हीच तपासणी तिलाही लागू आहे. निजामाच्या काळापासून मराठवाड्यातल्या अनेक जुन्या घरांत दुनळ्या आल्या. पण बंदूक वारशाने मिळाली तरी परवाना आपोआप मिळत नाही. परवानाधारक वारला की ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. तोवर ती माळ्यावर ठेवणं म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणंच.

खरा खर्च बंदुकीनंतर सुरू होतो

ट्रॅपची एक फेरी 25 तबकड्यांची. ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत 125 तबकड्या असतात. तबकडीचा व्यास 11 सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. एका दिवशी चार फेऱ्या सराव केला तर 100 तबकड्या, म्हणजे किमान 100 काडतुसं. दुसरा बार काढावा लागला तर त्याहून जास्त. महिन्यात चार दिवस सराव धरला तरी 400 च्या पुढे.

पुण्यातल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बारा बोरची काडतुसं आपल्याकडच्या दुकानांत जुनी ओळखीची. पण स्पर्धेत 24 ग्रॅमपर्यंतच छर्रे चालतात, त्यामुळे खेळाडूला त्या मापाची काडतुसं शोधावी लागतात. शिवाय वर्षाला किती काडतुसं घेता येतील तो आकडा परवान्यावर असतो. बंदूक महागडी घेतली आणि काडतुसांना पैसेच उरले नाहीत, अशी वेळ आली तर ती बंदूक कपाटाची शोभा होते.

त्यातच लातूर-नांदेडची अडचण अशी, की तबकडी फोडायला मोठी मोकळी रेंज लागते. महाराष्ट्राने अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि 2024 मध्ये ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले. पण ते सगळे रायफल-पिस्तूलचे. मराठवाड्यातून शॉटगनसाठी जवळचं मोठं ठिकाण म्हणजे हैदराबाद. तिथे गचिबावली भागात ट्रॅप आणि स्कीटची सोय असलेली सरकारी रेंज आहे. हैदराबादचाच कायनन चेनाई 2023 च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत ट्रॅपच्या सांघिक सुवर्णपदकाचा एक मानकरी होता. नांदेड किंवा लातूरहून हे अंतर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. म्हणजे जाण्या-येण्याचं तिकीट, मुक्काम आणि कोचची फी हेही बंदुकीच्या बजेटमध्येच धरायचं.

म्हणूनच क्लबची बंदूक आधी. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली क्लबच्या बंदुकीवर पाच-सहाशे तबकड्या उडवून बघा. दस्ता किती लांब हवा, खांदा किती धक्का सोसतो, ट्रॅप आवडतो की स्कीट, आणि मुळात हा खेळ वर्षभर परवडेल का, ही सगळी उत्तरं तिथेच मिळतात. त्यातली एकही गोष्ट दुकानाच्या काउंटरवर कळत नाही.

घरी आणल्यावर

बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा. किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी. घरातल्या पोरांना बंदूक दिसणारसुद्धा नाही अशी जागा निवडा. सराव झाला की नळ्या पुसून, हलकं तेल लावून ठेवा. मराठवाड्यात उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात ओल, दोन्ही वैरी. निवडणुकीच्या काळात प्रशासनाने शस्त्र जमा करायला सांगितलं तर वेळेत जमा करा आणि पावती जपून ठेवा.

आणि वरातीत, वाढदिवसाला किंवा विजयाच्या मिरवणुकीत हवेत बार? 2019 पासून यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे. आनंद साजरा करताना इतरांचा जीव धोक्यात येईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हायरल झालेला व्हिडिओच मग पुरावा ठरतो.

तर पुढच्या दसऱ्याला कुणाच्या स्टेटसवर अशी बंदूक दिसली, तर 'कितीला बसली' याआधी तीन प्रश्न विचारा. परवाना कशासाठी आहे? तुझ्या खांद्याला बसते का? आणि गेल्या महिन्यात किती तबकड्या फोडल्यास?

तिन्हींची उत्तरं सरळ मिळाली, तर ती बंदूक योग्य हातात आहे. मग किंमत विचारायला हरकत नाही.